दुपारचं माप

बूट घ्यायचे तर दुपारी तीननंतर.
सकाळी माझी पावलं माझी नसतात,
रात्रभर कुणीतरी सांध्यांत ओलं सिमेंट ओतून जातं
आणि ते फुटायला अकरा वाजतात.
तीनपर्यंत पाय सुजून आपल्या आकाराला येतात.
तेच खरं माप.

बर्गनमध्ये ऑक्टोबर. दगडी उतारावर
बर्फाची पातळ साय.
मी कठडा धरून एकेक पायरी
दुकानदाराच्या हिशेबासारखी तपासत उतरते.
पायाला भिंगरी होती म्हणे माझ्या.
तीस वर्षं फेरीबोटीवर तिकिटं फाडली,
डेक हलायचा, मी नाही.

इस्पितळातल्या बाईंनी कॅटलॉग दिलाय:
उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचे बूट,
रुंद, मऊ, समजूतदार,
वर वेल्क्रोचे दोन पट्टे.
पानापानावर पांढऱ्या केसांची एक बाई
कशाला तरी हसते आहे.
कशाला, ते मला कळलेलं नाही.

मला हवेत ते काचेतले.
पिकून काळपट झालेल्या चेरीचा लाल,
घोट्याच्या वर चार बोटं,
आणि टाच. फार नाही, पण आहे,
चालताना आवाज करील एवढी.
तीन आठवडे मी ट्राममधून त्यांना बघते आहे
आणि ते मला.

दुकानातला आस्लाक विशीचा, कानात बाळी.
गुडघे टेकून बसतो तो इतका सहज
की मला बुटांआधी त्याचे गुडघेच विकत घ्यावेसे वाटतात.
'नंबर?'
डावा एकोणचाळीस, उजवा साडेचाळीस,
आणि अंगठा शेजारणीवर चढून बसलाय,
त्याला नंबर नाही.
तो हसत नाही. लिहून घेतो.

तिसऱ्या जोडात पाय आत जातो.
कातडं गार. मग गार नाही.
आरशात, गुडघ्यांपासून खाली,
एक बाई उभी आहे
जिला कुठेतरी जायचंय.

पण चेन!
तिचं टोक बार्लीच्या दाण्याएवढं.
अंगठा आणि तर्जनी त्यासाठी
आंधळी कोशिंबीर खेळतात,
सापडतं, सुटतं, सापडतं.
आस्लाक हात पुढे करतो. थांब, मी म्हणते,
घरी तू नसणार आहेस.
गाउते असतो, पण त्याचे हात माझ्याहून वाईट.
आमच्याकडे हेरिंगची बरणी उघडणं
हा अख्ख्या दुपारचा बेत असतो.

पाकिटाच्या आतल्या कप्प्यात अंगठी आहे.
मार्चमध्ये बोट जांभळं पडलं तेव्हा
नर्सनं छोट्या करवतीनं कापलेली.
'सॉरी' म्हणाली ती,
बोटाला की सोन्याला, कोण जाणे.
सोनाराकडे न्यायची राहिली, सात महिने.
आस्लाक पक्कड आणतो. फट जरा रुंदावते,
चेनच्या भोकातून सोनं ओवलं जातं,
पुन्हा मिटतं.

सरळ बोटानं तूप निघत नाही म्हणतात.
माझी तर आयतीच वाकडी.
टोक तेवढं कडीत अडकवते, ओढते:
सर्रकन.
दुकानातल्या दोन बायका वळून बघतात.
पुन्हा खाली. पुन्हा वर.
आस्लाक म्हणतो, अजून एकदा.

डाव्या बुटाला सायकलच्या कुलपाची कडी.
सायकल विकून चार वर्षं झाली,
कडी किल्ल्यांत उगाच राहिली होती.

चाळीस मिनिटं चालेन यांत, फार तर.
मग दुखेल. दुखणं काय,
ते बटाट्यांतही येतंच की सोबत.
किंमत सांगत नाही. गाउतेलाही सांगायची नाहीये.

तो दारातच उभा.
'सोनं? पायात?'
आणि नीट बघायला खाली वाकतो,
मग त्याला उठता येत नाही.
हात देऊन उपयोग नाही, हे दोघांनाही ठाऊक.
मीही बसते त्याच्या शेजारी पायपुसण्यावर,
पाय लांब करून.
बूट मात्र काढत नाही.